'रास्ते का काँटा' आणि नववी 'ब'

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा विषय दिला होता, 'शाळेतली एक आठवण आणि तिने मला काय शिकवलं'. वेळ पंधरा मिनिटं. मी इंजिनियर झाले, पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, म्हणून मी गणिताच्या तासांविषयी बोलेन असं तुम्हाला वाटलं असणार. तसं मी आधी लिहूनही काढलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला. आज मी दूरदर्शनवरच्या एका मालिकेच्या एका भागाविषयी बोलणार आहे. सुरुवातीला हसायला हरकत नाही. पुढचं जरा वेगळं आहे.

साल १९९३. आठवा. नाशिकमध्ये केबल नुकती येऊ लागली होती, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी गच्चीवरचा अँटेनाच होता. एकाने वर जाऊन तो फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, 'आलं, आलं... गेलं!' कावळा बसला की चित्र गेलं, वीज गेली की सगळंच गेलं. त्या वर्षी दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्षी' लागायचं. दिग्दर्शक बासू चटर्जी, ब्योमकेशच्या भूमिकेत रजित कपूर, त्याचा मित्र अजित म्हणजे के. के. रैना, आणि सत्यवती म्हणजे आपल्या सुकन्या कुलकर्णी. गाजर खाणारे करमचंद आपण त्याआधी पाहिले होते. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य'मध्ये शिवाजी साटमही पाहिले होते. पण हा ब्योमकेश वेगळाच होता. धोतर नेसायचा, घरात बसून पेपर वाचायचा, हळू बोलायचा. पिस्तूल नाही, मारामारी नाही. आमच्या वडिलांना बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचायची सवय. ते पहिल्या दिवशी म्हणाले, 'हा कसला डिटेक्टिव्ह, हा तर पोस्टमास्तर वाटतोय.' तिसऱ्या भागापासून तेच सगळ्यांच्या आधी खुर्ची घेऊन बसायला लागले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आपल्या वर्गात त्या भागाची उजळणी व्हायची. मागच्या बाकावर बसणारा आपला एक मित्र आज इथे आहे. तो ब्योमकेश व्हायचा आणि धोतर म्हणून शाळेचा नॅपकिन खोचायचा. नाव घेत नाही, तो आता फार मोठ्या हुद्द्यावर आहे.

त्या मालिकेतला एक भाग होता 'रास्ते का काँटा'. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

जुनं कोलकाता. भर दिवसा, भर रस्त्यात, रस्ता ओलांडता ओलांडता माणसं कोसळतात आणि मरतात. आजूबाजूला गर्दी असते, पण कुणालाही काही दिसलेलं नसतं. ना धडाका, ना धूर, ना पळून जाणारा माणूस. शवविच्छेदन केलं की हृदयात एक ग्रामोफोनची सुई सापडते. तबकडी वाजवायची ती एवढीशी सुई. पोलीस हैराण. मग एक गृहस्थ ब्योमकेशकडे येतात. त्यांनाही सुई लागलेली असते, पण छातीवरच्या खिशात घड्याळ असतं, सुई त्यात रुतते आणि ते वाचतात. त्याच सुमाराला ब्योमकेशला पेपरमधली एक विचित्र जाहिरात खटकत असते: तुमच्या वाटेतला काटा काढून हवा असेल तर शनिवारी संध्याकाळी अमक्या दुकानाच्या कोपऱ्यावर, दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहा. सगळे रोज पेपर वाचत असतात, पण ती जाहिरात आणि ते खून यांची सांगड घालणारा तो एकटाच.

आणि सुई कुठून सुटते? सायकलच्या घंटीतून. घंटीच्या आत स्प्रिंग बसवलेली. समोरून सायकलवाला येतो, घंटी वाजवतो. घंटी ऐकून माणूस काय करतो? बाजूला होतो. तेवढ्यात सुई सुटते. स्प्रिंगचा आवाज घंटीच्या आवाजात बुडतो, आणि सायकलवाला आपल्या वाटेने निघून जातो. रस्ता घंट्यांनी भरलेला असतो, त्यात एका घंटीकडे कोण बघणार?

हा भाग बघून दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? वडिलांच्या सायकलची घंटी खोलली. वरची वाटी फिरवून काढली, आत दोन-तीन दात्यांची चाकं, एक स्प्रिंग, आणि फिरणाऱ्या पट्टीवर दोन सैल चकत्या. अंगठ्याने खटका दाबला की पट्टी गरगर फिरते आणि चकत्या वाटीला आतून धडकतात, म्हणून तो ट्रिंग ट्रिंग आवाज. सुई उडवायला त्या स्प्रिंगमध्ये काडीचाही जोर नव्हता. मी खूप निराश झाले. परत जोडताना एक चकती उरली आणि पुढे वर्षभर वडिलांची घंटी खोकल्यासारखी वाजत राहिली. रविवार कारंजाच्या गर्दीत ते तोंडानेच 'ओ भाऊ' म्हणून ओरडायचे. मी इंजिनियर होणार हे त्या दिवशी ठरलं असं आमच्या घरात अजून सांगतात.

या ब्योमकेशचं आणि महाराष्ट्राचं एक नातं मला फार उशिरा कळलं. या कथा शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या. 'रास्ते का काँटा'ची मूळ बंगाली कथा 'पथेर काँटा' १९३२ सालची. हे शरदिंदूबाबू १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२ मध्ये पुण्याला स्थायिक झाले. मध्ये पंधरा-एक वर्षं त्यांनी ब्योमकेश लिहिणं थांबवलं होतं. नंतरच्या पुष्कळ ब्योमकेशकथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. बंगाली मुलांसाठी त्यांनी शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या एका पोराच्या गोष्टीही लिहिल्या. म्हणजे आपण ज्याला पार कलकत्त्याचा समजत होतो, तो निम्मा आपला शेजारी निघाला.

ब्योमकेशला 'डिटेक्टिव्ह' म्हटलेलं आवडत नसे. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवायचा. सत्याचा शोध घेणारा. हा शब्द मला तेव्हा इतका आवडला की मी रफ वहीच्या पहिल्या पानावर माझ्या नावाखाली लिहिला होता. हे लक्षात ठेवा.

आता सहलीकडे येते. नववीत डिसेंबरमध्ये आपली सहल होती, वेरूळ आणि दौलताबाद. वर्गणी ७५ रुपये. मी नववी 'ब'ची मॉनिटर होते, त्यामुळे मुलींची वर्गणी माझ्याकडे जमा व्हायची आणि मी ती बाईंकडे द्यायची. शेवटच्या दिवशी चार मुलींनी पैसे आणले. ३०० रुपये. मी ते एका पाकिटात घातले. तिसरा तास पी. टी. चा होता. तास संपवून वर्गात आलो, मी कंपासपेटी उघडली, तर त्यात पाकीट नव्हतं.

तुमच्यापैकी किती जणांना हे आठवतंय? पाच-सहा हात वर आले. मला वाटलं होतं त्याहून जास्त आहेत.

बाईंनी मला आधी विचारलं होतं, हे मला नीट आठवतं. म्हणाल्या, 'तू सगळीकडे पाहिलंस का? दप्तर, वह्या, पुस्तकं? घाई करू नकोस.' मी म्हटलं, 'हो बाई, पाहिलं.' मी दप्तर उलटं केलं होतं, एवढंच. पुस्तकं उघडून पाहिली नव्हती. पाकीट चोरीलाच गेलंय याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत थोडा आनंदही मिसळला होता. इतके दिवस टीव्हीवर बघत होतो ती गोष्ट आपल्या वर्गात घडली होती.

पी. टी. च्या तासाला वर्गात एकच मुलगी होती. पांढरे कॅनव्हासचे बूट नसले की मैदानावर येऊ देत नसत, वर्गात बसवत. तिच्याकडे ते बूट नव्हते. त्यामुळे जूनपासून ती प्रत्येक पी. टी. च्या तासाला वर्गात एकटी बसायची. घरची परिस्थिती बेताची होती, आई घरोघरी पोळ्या करायला जायची. ती सहलीलाही येणार नव्हती. आपण सगळे वेरूळच्या गप्पा मारायचो तेव्हा ती वहीत काहीतरी लिहीत बसायची.

तिसऱ्या दिवशी ती नवे पांढरे बूट घालून आली.

मला आणखी काय हवं होतं? संधी होती, गरज होती, आणि आता पुरावाही होता. मी मधल्या सुट्टीत वहीत सगळं मांडलं. कोण कुठे होतं, किती वाजता, किती मिनिटं. शेवटच्या तासाला मी उभी राहिले आणि हात मागे बांधून, अगदी ब्योमकेश शेवटी सगळ्यांना गोळा करून सांगतो तसं, बाईंसमोर आणि वर्गासमोर सगळं सांगितलं. तिचं नाव मी शेवटपर्यंत घेतलं नाही. फक्त म्हटलं, 'आज कुणाच्या पायात नवे बूट आहेत ते बघा.' पंचेचाळीस मुलांनी एकदम खाली वाकून बाकांखाली पाहिलं. तो बाकांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

ती काही बोलली नाही. तिने पाय बाकाखाली मागे ओढून घेतले. तिचं दप्तर तपासलं गेलं. त्यात काही सापडलं नाही. ते बाईंनी तपासलं असं सांगणं सोपं आहे, पण ते मी तपासायला लावलं. काही सापडलं नाही, यानेही आमचं मत बदललं नाही. आम्ही म्हटलं, पैशांचे बूट आले, तर दप्तरात सापडणार कसे?

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. मी वर्गाच्या दारातून पाहिलं. रुमालात बांधलेल्या दहा-दहाच्या, पाच-पाचच्या नोटा आणि काही नाणी होती. तिने ३०० रुपये मोजून दिले आणि गेली. आम्हाला तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला. चोरी केली नसती तर पैसे कशाला दिले असते, असं मीच चार जणींना सांगितलं. आपण वेरूळला गेलो. कैलास लेण्यासमोर आपला वर्गाचा फोटो आहे, आज मागच्या फलकावर लावलाय, त्यात मी पहिल्या रांगेत हसते आहे.

नंतर कुणी तिला काही बोललं नाही. तिच्या बाकावर कुणी बसत नसे, एवढंच.

मे महिन्यात नववीची पुस्तकं निम्म्या किमतीला विकायची म्हणून मी त्यांची खाकी कव्हरं काढत बसले होते. भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर काढलं आणि आतून पाकीट पडलं. चार मुलींची नावं माझ्याच अक्षरात. ३०० रुपये.

मग मला सगळं आठवलं. त्या दिवशी प्रार्थनेनंतर मला वाटलं होतं, कंपासपेटी कुणीही उघडतं, तिथे पैसे नकोत. म्हणून मी ते भूगोलाच्या कव्हरच्या आत सरकवले होते. मग फळा पुसायला गेले, हजेरी झाली, आणि डोक्यातून गेलं ते गेलंच.

मी चौदा वर्षांची होते. ही सबब म्हणून सांगत नाही. कारण पुढे जे केलं ते चौदाव्या वर्षीही चूक आहे हे मला पक्कं कळत होतं. मी कुणाला काहीही सांगितलं नाही. आईवडिलांना नाही, बाईंना नाही. पाकीट कपाटातल्या कागदाखाली ठेवलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा कळलं की तिने दाखला काढून दुसऱ्या शाळेत नाव घातलं. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. मग एक दिवस काळाराम मंदिरात जाऊन मी ते सगळे पैसे दानपेटीत टाकले. रामाला या प्रकरणात कशाला अडकवलं कोण जाणे. पैसे ज्यांचे होते त्यांचं घर तिथून चालत वीस मिनिटांवर होतं.

आणि मग मी दहावी झाले, बारावी झाले, इंजिनियर झाले. या गोष्टीची आठवण येत नव्हती असं नाही. पण आली की मी तिचं 'लहानपणीची चूक' असं नाव ठेवून ती बाजूला सारायची.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी आईकडे नाशिकला होते, आणि तिथेच अडकले. दूरदर्शनने तेव्हा 'रामायण', 'महाभारत' यांच्याबरोबर 'ब्योमकेश बक्षी'ही पुन्हा दाखवायला घेतलं. आई आणि मी रोज बघायचो. 'रास्ते का काँटा' लागला त्या दिवशी मी आईला उत्साहाने सांगत होते, आता बघ, घंटीतून सुई कशी सुटते. सत्तावीस वर्षांत माझ्या डोक्यात त्या भागाचं एवढंच उरलं होतं. घंटी.

पण त्या भागाचा शेवट मी पार विसरले होते. ब्योमकेशला अंदाज आलेला असतो. कुठून, कसा वार होतो हे त्याने ताडलेलं असतं. पण अंदाज म्हणजे सत्य नव्हे, हे त्याला माहीत असतं. मग तो काय करतो? रात्री सुनसान रस्त्यावर, छातीवर चिनी मातीची बशी बांधून, स्वतः त्या सायकलच्या वाटेवर जातो. घंटी वाजते. सुई सुटते. ती बशीवर येऊन आदळते. आणि मगच तो त्या माणसाला पकडतो.

आई म्हणाली, 'पोलिसांना का नाही उभं केलं? स्वतः कशाला मरायला गेला हा?'

मी आईला उत्तर दिलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच चहा ठेवला.

कारण उत्तर मला कळलं होतं. त्याचा अंदाज चुकला असता, बशी फुटून सुई आत गेली असती, तर त्याची किंमत त्याला स्वतःलाही मोजावी लागली असती. बशीशिवाय कुणालाही सुईसमोर उभं करून त्याने आपला तर्क तपासला नाही. मी नववी 'ब'मध्ये नेमकं उलट केलं होतं. माझा तर्क होता, आणि छाती दुसऱ्याची होती. तिच्या छातीवर बशीसुद्धा नव्हती.

आणखीही एक गोष्ट कळली. तो भाग आहे कशावर? ज्या गोष्टीकडे सगळे रोज बघतात आणि कुणीच बघत नाही, तिच्यावर. रस्त्यावरची सायकलची घंटी, पेपरातली जाहिरात. मी रोज तो भाग घोकत होते, आणि माझ्या दप्तरातलं, माझ्या हाताने कव्हर घातलेलं पुस्तक मी उघडून पाहिलं नाही. चोरी कुणी केली, हा प्रश्न मी चुटकीसरशी सोडवला. मुळात चोरी झाली आहे का, हा पहिला प्रश्न मी विचारलाच नाही. वहीवर मात्र 'सत्यान्वेषी' लिहिलं होतं.

आमच्या व्यवसायात रात्री दोन वाजता फोन येतो, की अमुक सिस्टम बंद पडली, लाखो लोकांचं काम अडलंय. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो, शेवटचा बदल कुणी केला? बहुतेक वेळा तो एखादा नवा, सगळ्यात लहान मुलगा किंवा मुलगी असते. फोनवर ती गप्प होते. तिचे पाय बाकाखाली मागे गेलेले मला दिसतात. मी गेली काही वर्षं एक सवय लावून घेतली आहे. त्या फोनवर मी आधी माझं स्वतःचं काम उघडून सगळ्यांसमोर तपासते. पाचातल्या एखाद्या वेळी चूक माझी निघतेही. ज्या मुली माझ्याबरोबर काम करतात, त्यांना वाटतं मॅडम फार मोठ्या मनाच्या आहेत. त्यांना भूगोलाच्या पुस्तकाची गोष्ट माहीत नाही.

तर टाळेबंदीनंतर मी तिला शोधायला लागले. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती नाही. या मेळाव्याच्या यादीतही ती नाही, कारण ही यादी १९९५ च्या दहावीची, आणि तिची दहावी दुसऱ्या शाळेतून झाली. म्हणजे माझ्या त्या भाषणामुळे ती तेव्हा वर्गातून गेली आणि आता यादीतूनही गेली. शेवटी गेल्या वर्षी एका ओळखीतून तिचा नंबर मिळाला. ती नाशिकमध्येच आहे. मी घरी भेटायला गेले.

मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर चिडेल, नाहीतर म्हणेल, जाऊ दे गं, किती जुनी गोष्ट. मी तिन्हींची तयारी करून गेले होते. तिने चहा केला, माझं सगळं ऐकून घेतलं. पाकीट भूगोलाच्या पुस्तकात सापडलं म्हटल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'म्हणजे मे महिन्यातच तुला कळलं होतं.' मी हो म्हटलं. ती म्हणाली, 'माझी आई आत्ता असायला हवी होती.'

तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली. ते ३०० रुपये तिने तीन घरांतून आगाऊ उचलले होते, आणि पुढे पावसाळ्यापर्यंत फेडत होती. तिचा मुलीवर विश्वास होता. पण तिचं म्हणणं, आपण पैसे भरून टाकले की पोरीच्या मागचं बोलणं थांबेल. 'ते थांबलं नाही,' मैत्रीण म्हणाली. 'उलट पैसे भरल्यामुळेच सगळ्यांची खात्री पटली.' हे मी तुम्हाला मघाशी सांगितलंच. खात्री पटवणारी मीच होते.

मी माफी मागितली. तिने माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. मी तिला म्हटलं, मेळावा आहे, मला सगळ्यांसमोर हे सांगायचंय, तू येशील का? ती म्हणाली, 'मी येणार नाही. तुला सांगायचं असेल तर सांग. पण माझं नाव घेऊ नकोस, मला कुणाची सहानुभूती नकोय.' मी निघाले. दाराशी आल्यावर तिने थांबवलं. म्हणाली, 'एक मात्र सांग. ते बूट माझ्या मामाने आणले होते. ओझरहून आला होता, मी पी. टी. ला वर्गात बसते हे त्याला आईने सांगितलं, म्हणून. ते त्या दिवशी मला सांगायचं होतं. कुणी विचारलंच नाही.'

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. पंचेचाळीस मुलं वाकून बघत होती, पण 'बूट कुठून आणलेस?' एवढा एक प्रश्न कुणाच्या तोंडून आला नाही. ब्योमकेशने तो सगळ्यात आधी विचारला असता.

म्हणून आज, नववी 'ब'च्या सगळ्यांसमोर आणि आपल्या सर-बाईंसमोर मी सांगते: १९९३ च्या डिसेंबरमध्ये आपल्या वर्गात चोरी झालीच नव्हती. पाकीट माझ्या पुस्तकात होतं. बूट तिच्या मामाने आणले होते.

तुमच्यापैकी ज्यांना ती आठवते, त्यांच्या मनात तिच्याबद्दल जे काही राहिलं असेल ते कृपा करून आज पुसून टाका. घरी ही गोष्ट कधी कुणाला सांगितली असेल, तर त्यांनाही खरं काय ते सांगा. बाई, तुम्ही मला म्हणाला होतात, घाई करू नकोस. मी ऐकलं नाही आणि तुमच्या हातून एका मुलीचं दप्तर उघडायला लावलं. तुमचीही मी क्षमा मागते.

संयोजकांना एक विनंती आहे. आपण शाळेला देणगी देणार आहोत, त्यात माझा जो वाटा आहे तो एका कामासाठी वेगळा ठेवावा. आजही शाळेत काही मुलं बूट नाहीत म्हणून किंवा सहलीचे पैसे नाहीत म्हणून मागे राहत असतील. ती राहू नयेत, आणि कुणाला किती मदत मिळाली हे वर्गात कुणाला कळू नये. मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे, त्यांनी होकार दिला आहे. हे पैसे दिले म्हणजे ते ३०० रुपये फिटले असं मी समजत नाही. ते ज्यांना द्यायचे होते त्या आता नाहीत.

दुसरी विनंती, पुढच्या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून करू नका. आपल्याबरोबर पाचवीपासून जे जे बसले, मध्येच सोडून गेले, त्या सगळ्यांची नावं शाळेच्या रजिस्टरमध्ये आहेत. त्या रजिस्टरवरून करा. कोण का सोडून गेलं, हे आपल्याला नेहमीच माहीत असतं असं नाही.

तिचं नाव यादीत घालू का, असं मी तिला परवा फोनवर विचारलं. ती म्हणाली, 'बघू.'